मातीतली झिंकची पेनी: १९८२नंतरचं नाणं का सडतं, डिटेक्टरवर कसं दिसतं, काढल्यावर काय करावं

गेरूमाती

अमेरिकेत बागेत, शाळेच्या मैदानावर, चर्चच्या हिरवळीवर मेटल डिटेक्टर फिरवला की एक सेंटची नाणी, म्हणजे पेन्या, निघतातच. त्यातल्या १९८२नंतरच्यांची अवस्था बघवत नाही. कडा कुरतडलेल्या, अंगावर पांढरट-करडी पूड, लिंकनचा चेहरा फुगून फुटलेला, कधी आरपार भोक. त्याच खड्ड्यातून १९६०चं नाणं मात्र काळपट-हिरवं का होईना, अख्खं निघतं. हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यांत येत राहतो, म्हणून सगळं एकत्र लिहितो. दुरुस्त्या आणि भर जरूर घाला.

मूळ कारण नाण्याच्या पोटात आहे. १९८२पर्यंतची पेनी ९५ टक्के तांब्याची, वजन ३.११ ग्रॅम. १९८२ सालात बदल झाला आणि तेव्हापासून गाभा जस्ताचा, म्हणजेच झिंकचा (९९.२ टक्के जस्त, ०.८ टक्के तांबं), वर शुद्ध तांब्याचा पातळ मुलामा. वजन २.५ ग्रॅम. व्यास तोच, १९.०५ मिमी. पूर्ण नाण्यात तांबं जेमतेम २.५ टक्के.

आपल्याकडची पत्र्याची बादली आठवा. लोखंडावर जस्त चढवलेलं असतं. ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पेनीत हे बरोबर उलटं झालंय. झिजणारा धातू आत आणि टिकणारा बाहेर. तांब्याला एक बारीक चीर पडली आणि ओल आत शिरली की दोन धातूंची बॅटरी तयार होते. शाळेत डॅनियल सेल शिकलो होतो तोच हा प्रकार, फरक १.१ व्होल्टचा. जस्त विरघळत जातं, तांब्याला काही होत नाही. म्हणून कधीकधी आतून पोकळ झालेलं तांब्याचं टरफल हाती येतं आणि बोटांनी दाबलं की चुरा होतो.

माती जितकी ओली, आम्लधर्मी आणि खारट, तितकं हे लवकर होतं. माझ्या मते सगळ्यात वाईट जागा तीन: रासायनिक खत मारलेली हिरवळ, झोपाळ्याखालचा लाकडाच्या सालींचा थर (कायम ओला, कुजणारा), आणि फुटपाथलगतची पट्टी, जिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकतात. कोरड्या, वाळूमिश्र, पाणी न धरणाऱ्या जमिनीत त्याच वर्षीचं नाणं ओळखू येण्याइतकं चांगलं निघू शकतं. एक खड्डा सडका निघाला म्हणून अख्खं मैदान तसंच असेल असं धरू नका.

तांबटआळी

चांगला धागा. थोडी भर घालतो.

सुरुवात बहुतेक वेळा कडेपासून होते. चकतीवर आधी मुलामा चढतो आणि ठसा नंतर बसतो. ठशाच्या दाबाने धातू कडेकडे आणि अक्षरांच्या भोवती ताणला जातो, तिथे मुलामा पातळ होतो, कधी टांकसाळीतच फाटतो. नव्याकोऱ्या पेनीवरही भिंगातून बघितलं तर अक्षरांच्या कडेला राखाडी रेघा दिसतात, ते उघडं पडलेलं जस्त. काही नाण्यांवर मुलाम्याखाली हवेचे फोड असतात. फोड फुटला की तिथून वाट मिळते.

आणि लहान चीर ही मोठ्या चिरेपेक्षा बरी असं वाटत असेल तर ते खरं नाही. तांब्याचा पृष्ठभाग मोठा आणि उघडं जस्त टिचभर असलं की सगळा प्रवाह त्या टिचभर जागेवर येतो. म्हणून भोकं पडतात, सगळीकडून सारखी झीज होत नाही.

पांढरी पूड म्हणजे जस्ताची ऑक्साइडं, हायड्रॉक्साइडं, कार्बोनेटं. खाऱ्या पाण्यात क्लोराइडही. तांब्याचा हिरवा कळंक आणि ही पूड यांत गल्लत करू नका. हिरवा थर बऱ्याचदा नाण्याला धरून राहतो, पांढरी पूड म्हणजे नाणंच गेलेलं असतं.

नवा_खणक

डिटेक्टरवर या सडक्या पेन्या ओळखून टाळता येतात का? चाळीस-पन्नास खड्डे काढले की पाठ धरते आणि त्यातले बरेचसे याच निघतात. पडद्यावर त्यांचा जो आकडा येतो तो यंत्रात बंदच करून टाकला तर?

गेरूमाती

टाळता येतात, पण त्याची किंमत काय ते आधी बघा.

डिटेक्टर धातू ओळखत नाही. जमिनीवर फिरवायच्या चकतीतल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वस्तूत जे विजेचे भोवरी प्रवाह तयार होतात ते किती वेळ टिकतात एवढंच तो मोजतो. त्यात वाहकता, आकार, जाडी सगळं मिसळलेलं असतं. शुद्ध तांब्याची वाहकता १०० धरली तर जस्ताची साधारण २८. तांबं-निकेल मिश्रणाची ५-६च, म्हणून पाच सेंटचं नाणं ७५ टक्के तांब्याचं असूनही खालच्या आकड्यावर बोलतं.

मिनलॅब इक्विनॉक्स ८००वर ढोबळ चित्र असं: निकेल (पाच सेंटचं नाणं) १२-१३, धडधाकट झिंक पेनी १९ ते २१, तांब्याची पेनी आणि डाइम (दहा सेंट) २४ ते २६, क्वार्टर (पंचवीस सेंट) २९-३०. माती आणि खोलीप्रमाणे एकदोनचा फरक पडतो. इतर यंत्रांची पट्टी वेगळी, क्रम मात्र हाच.

पेनी सडली की जाडी कमी होते, कडा तुटतात, भोवरी प्रवाहाचा रस्ता खंडित होतो. आकडा घसरतो आणि एका जागी थांबत नाही: १४, १७, १९, परत १५. नेमक्या याच पट्ट्यात डब्यांच्या झाकणांच्या कड्या येतात आणि सोन्याच्या अंगठ्याही. मोठी, जाड पुरुषी अंगठी तर धडधाकट झिंक पेनीच्या आकड्यावर बसू शकते. १९-२१ बंद केलं की त्या अंगठ्याही बंद. मी बंद करत नाही. ज्यांना फक्त जुनी चांदी हवी आहे त्यांनी २३च्या वर खणावं, ते समजून-उमजून केलेलं ठीक आहे.

खाडीकाठ

गेरूमातींशी बहुतांशी सहमत, पण एक वेगळं मत. शाळेच्या मैदानावर वेळ दोनच तास असेल तर उड्या मारणारा आकडा सोडण्यात चूक नाही. अंगठी गोल, अखंड आणि न सडणारी असते. कॉइल आडवी फिरवा, मग ९० अंशांत वळून उभी फिरवा. दोन्हीकडून आकडा एक-दोनच्या आत राहिला तर खणा. सडकी पेनी, चुरगळलेला पत्रा, तुटकी कडी या दिशा बदलली की आकडा बदलतात. तुटकी अंगठी किंवा साखळी या परीक्षेत नापास होते, हे धरून चला.

आणखी एक. खड्डा काढला, सिग्नल गायब झाला आणि मातीत काहीच दिसत नाही, असं झालं की माती पांढरट-करडी आहे का बघा. पूर्ण सडलेली पेनी फावड्याच्या धक्क्याने फुटते आणि तुकडे इतके लहान होतात की कॉइलला दिसत नाहीत. पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) खड्ड्याच्या भिंतीला लावून बघा.

समुद्रकिनाऱ्यावर सगळं वेगाने होतं. बोटीच्या बुडाला जस्ताचे ठोकळे मुद्दाम लावतात, ते झिजतात आणि पंखा वाचतो. खाऱ्या पाण्यात पेनीचं जस्त तसंच झिजतं, फक्त वाचवायला समोर मुलामाच असतो. डाइम आणि क्वार्टर १९६५पासून तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचे थर अशा आहेत. त्यांच्या कडेची उघडी तांब्याची पट्टी आधी खाल्ली जाते, नाण्याला मधोमध खाच पडते. १९६४पर्यंतची चांदीची नाणी वाळूत काळी ठिक्कर पडतात. काळं, पातळ आणि कडेला तांबडी रेघ नाही असं काही दिसलं तर अंगठ्याने घासू नका.

नवा_खणक

९० अंशांची युक्ती उपयोगी आहे, धन्यवाद. आता साफसफाईचा प्रश्न. घरी तांब्याची भांडी चिंच-मिठाने किंवा पितांबरीने लख्ख होतात. नाण्यांना तेच चालेल का?

तांबटआळी

झिंकच्या पेनीला चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी यातलं काहीही लावू नका. आम्लाने तांबं उजळतं आणि चिरांतून तेच आम्ल आत शिरून जस्त विरघळवतं. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे. नाणं दहा मिनिटं चमकतं आणि दोन दिवसांत फुगतं.

नाणी घरी आणल्यावर पहिलं काम वेगळं करणं. चार डबे ठेवा: झिंक पेनी, तांब्याच्या पेन्या, डाइम-क्वार्टर, निकेल. जुनं, चांदीचं किंवा संशयास्पद काही असेल तर पाचवा डबा, आणि त्यातलं काहीच यंत्रात घालायचं नाही.

खर्चायच्या नाण्यांसाठी दगड घासायचं फिरतं पिंप वापरतात, दीड किलोवालं पुरतं. डाइम-क्वार्टरसाठी पद्धत अशी:

पिंपात ६०-७० नाणी, तेवढ्याच आकारमानाचे मत्स्यटाकीतले बारीक खडे, दोन्ही मिळून पिंप निम्म्याहून थोडं जास्त भरेल इतके. पाणी सगळं जेमतेम बुडेपर्यंत. भांडी घासायच्या द्रवाचे चार-पाच थेंब. तासभर फिरवा, काळं पाणी ओतून द्या. दुसऱ्या फेरीत चमचाभर मीठ आणि पाव कप व्हिनेगर, आणखी एक-दोन तास. या फेरीत दर अर्ध्या तासाने झाकण उघडून वायू सोडा, नाहीतर झाकण उडतं. शेवटी स्वच्छ पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून दहा मिनिटं फिरवा, धुवा, टॉवेलवर लगेच कोरडी करा.

बिघडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: तांब्याची पेनी चुकून क्वार्टरच्या पिंपात राहते. आम्लात तांबं विरघळून क्वार्टरवर बसतं आणि सगळी नाणी गुलाबी होतात. तो रंग पुन्हा काढणं फार कटकटीचं. झिंकची पेनी राहिली तर राखाडी चिखल होतो आणि पिंपाचं रबरही त्या चिखलाने माखतं. तांब्याच्या पेन्यांचे खडेसुद्धा वेगळे ठेवा. खड्यांवरही तांबं बसतं.

निकेलची नाणी मातीत विटकरी पडतात, कारण पृष्ठभागावरचं निकेल आधी निघून जातं आणि तांबं उरतं. ती पिंपात घालून पूर्वीची पांढरी होत नाहीत. १९४२ ते १९४५ची युद्धकाळातली निकेल मात्र बघून ठेवा, मागच्या बाजूच्या माँटिसेलो या इमारतीच्या घुमटाच्या वर टांकसाळीचं मोठं अक्षर असेल तर त्यात ३५ टक्के चांदी आहे.

झिंक पेन्यांचं काय? कोमट पाणी, मऊ टूथब्रश, पुसून कोरड्या. त्यापुढे काही नाही.

अनोडी

एखादं झिंक नाणं जपायचंच असेल (चिरडून लांब केलेली पर्यटनस्थळाची पेनी वगैरे), तर ते ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला, आठवडाभर. मीठ बाहेर येतं. मग पूर्ण कोरडं करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. विजेच्या साहाय्याने साफ करायच्या भानगडीत पडू नका. मुलाम्याखाली जस्त आधीच सुटलेलं असतं, प्रवाह दिला की तांबं पापुद्र्यासारखं सोलून येतं.

तांब्याच्या जुन्या पेनीवर माती दगडासारखी बसली असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कोमट करून त्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. फेस येऊन माती सुटते.

तांबटआळी

पेरॉक्साइडबद्दल माझा आक्षेप आहे. मातीखालचा गुळगुळीत तपकिरी थर हाच जुन्या तांब्याच्या नाण्याचा चेहरा. तारीख आणि अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच उरलेली असतात. पेरॉक्साइड तो थर मातीबरोबर उचलतं आणि खाली खडबडीत नारिंगी तांबं राहतं. १९०९ची सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची किंवा १९१४ची डेन्व्हरची पेनी निघाली आणि असं केलं, तर बहुतेक किंमत गेली. त्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी आणि बाभळीच्या काट्यासारखी टोकदार लाकडी काडी. वेळ लागतो. लागू द्या.

अनोडी

दुर्मीळ सालांबाबत मान्य. सामान्य सालांवर आधी एका नाण्याने करून बघावं एवढं म्हणतो.

लेस्टरकर

ब्रिटनचं चित्र निराळं आहे म्हणून लिहितो. इथे १ आणि २ पेन्सची नाणी सप्टेंबर १९९२पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. तोवर ती ब्राँझची होती. ५ आणि १० पेन्सही २०१२पासून निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची. तत्त्व झिंक पेनीचंच: आतला धातू हलका पडतो. पण लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे नाणं पोकळ होत नाही, फुगतं. तांब्याला फोड येतात, ते फुटतात आणि शेवटी मातीखडे चिकटलेला गंजाचा गोळा उरतो.

डिटेक्टरवर ही नाणी बाटलीच्या झाकणासारखी वागतात. पोलादी चकती सपाट आणि गोल असल्यामुळे कधी लोखंडाचा घुरघुराट, कधी उंच गोड आवाज. कॉइलचं टोक नाण्यावरून हळूच मागे ओढा. कॉइल सरकताना आवाज लोखंडाकडे घसरला तर पोलाद. वर काढल्यावर चुंबक लावला की संपलं. दोन पेन्सचं नाणं ७.१२ ग्रॅमचं असतं, चुंबकाला चिकटलं तर १९९२ किंवा त्यानंतरचं. १९९८मध्ये दोन पेन्स दोन्ही धातूंत पाडली गेली, तेवढा अपवाद.

नांगरलेल्या शेतात वरच्या १०-१५ सेंमीत अशी नाणी दिसली तरी खालचं जुनं काही गेलेलं नसतं. नांगर सगळं ढवळतो, थर लागत नाहीत. शेतमालकाची लेखी परवानगी मात्र आधी घ्या.

सागरगोटा

अलिबाग-मुरूडच्या वाळूत भारतीय नाणी कशी निघतात? तिकडे डिटेक्टर नेणं कायद्यात बसतं का?

खाडीकाठ

धातूंप्रमाणे सांगतो.

अ‍ॅल्युमिनियम: ३ पैसे १९६४पासून, १ आणि २ पैसे १९६५पासून, पुढे ५, १०, २० पैसेही. खाऱ्या वाळूत अंगावर खड्डे पडतात, पांढरी पूड येते. अ‍ॅल्युमिनियमला आम्ल चालत नाही तसाच अल्कलीही चालत नाही, म्हणून चुन्याच्या किंवा सिमेंटच्या राड्यात पडलेलं नाणं वाळूतल्यापेक्षा वाईट निघतं. साफ करायला सोडा वापरू नका, नाणं काळं पडतं.

तांबं-निकेल: जुना रुपया, ५० पैसे, ११ कोनी २ रुपये (६ ग्रॅम), १९९२नंतरचं जाड ५ रुपयांचं नाणं (९ ग्रॅम). ही टिकतात, फक्त तांबूस होतात.

फेरिटिक स्टेनलेस: १९८८पासून छोटी नाणी, १९९२पासून रुपया. ८३ टक्के लोखंड, १७ टक्के क्रोमियम, चुंबकाला चिकटतात. नदीच्या पात्रात दोरीला चुंबक बांधून मुलं जी नाणी काढतात ती हीच, तांबं-निकेल त्यांच्या चुंबकाला लागत नाही. डिटेक्टरवर लेस्टरकरांनी सांगितलेला झाकणाचा प्रकार. समुद्राच्या पाण्यात स्टेनलेसलाही टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे डाग पडतात.

कायदा: १८७८चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकांना १९५८चा केंद्राचा आणि १९६०चा महाराष्ट्राचा कायदा आहे, तिथे खणणं हा गुन्हा. गडकिल्ल्यांवर डिटेक्टर नेऊच नका. एक शिवराई तिच्या थरातून उपटली की ती कुठल्या पायरीशी, कुठल्या खापराशेजारी होती ही माहिती कायमची जाते, आणि गडाचा इतिहास त्या माहितीतूनच लागतो. किनाऱ्यावरही ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात आधी विचारा.

अमेरिकेतल्यांसाठी: राष्ट्रीय उद्यानांच्या ताब्यातल्या जागेत डिटेक्टर बाळगायलाच बंदी आहे. न्यू जर्सीतलं सँडी हुक त्यात येतं, ते साधा समुद्रकिनारा समजू नका. गावच्या बागांचे नियम गावागणिक वेगळे.

हिरवळ

परवानगी टिकवायची तर खड्डा नीट बुजवणं सगळ्यात महत्त्वाचं. तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी राहू द्या, ८-१० सेंमी खोल, मुळांसकट झाकण उलटं. माती कापडावर काढा, परत तशीच भरा, पायाने दाबा. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यांत कापलेलं गवत पिवळं पडतं, तेव्हा हिरवळ सोडून वाळूत किंवा सालींच्या थरात खणा.

सडक्या पेन्या परत खड्ड्यात टाकू नका. कुत्र्याने १९८२नंतरची पेनी गिळली तर पोटातल्या आम्लाने जस्त सुटतं आणि तांबड्या पेशी फुटतात, जिवावर बेततं. लहान मुलांच्या मैदानावर तर एकही तुकडा मागे राहू नये. गिळल्याचा संशय आला तर वाट न बघता डॉक्टर किंवा पशुवैद्य.

नवा_खणक

शेवटचा प्रश्न. १९८२चीच पेनी निघाली तर तांब्याची की झिंकची, कसं ठरवायचं? नाणी मोजायच्या यंत्राने सडक्या पेन्या परत फेकल्या, म्हणून वर्गवारी करतोय.

गेरूमाती

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. ३.१च्या आसपास तांबं, २.५च्या आसपास झिंक. काटा नसेल तर फरशीवर टाका, तांबं किणकिणतं, झिंक ठक वाजतं. पण मातीतून आलेल्या नाण्याला आवाजाची परीक्षा लावू नका, थर असला की तांबंही बसक्या आवाजात बोलतं. वजनही नाणं धुऊन, कोरडं करून, अख्खं असेल तरच ग्राह्य. कुरतडलेलं असेल आणि कुरतडलेल्या जागी पांढरं दिसत असेल तर वजन करायची गरजच नाही, ते झिंक.

१९८२च्या पेनीचे तारखेचा आकार, धातू आणि टांकसाळ धरून सात प्रकार नेहमी धरले जातात. आठवा, म्हणजे डेन्व्हरची लहान तारखेची तांब्याची पेनी, पाडलीच गेली नाही असं मानत होते, ती २०१६मध्ये सापडली. म्हणून तारखेखाली 'डी' अक्षर, लहान तारीख आणि काट्यावर ३.१ असं तिन्ही जुळलं तर ते नाणं पाचव्या डब्यात, पाण्याशिवाय काही न लावता.

यंत्राने फेकलेल्या सडक्या पेन्या बाजूच्या बरणीत साठवा आणि बरणीत ओल राहू देऊ नका. १२ नोव्हेंबर २०२५ला फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडली, तेव्हा मातीत आता नव्या सालांची भर फारशी पडणार नाही. पण १९८२पासूनच्या चव्वेचाळीस सालांच्या पेन्या खाली आहेत, आणि त्यांच्या आकड्यावर बसलेल्या अंगठ्याही. पट्टा उघडा ठेवा, दोन दिशांनी कॉइल फिरवा, आकडा टिकला की खणा.